मागं पाटा वाजतोय

"मिस्त्री, मागं पाटा वाजतोय," संतोष म्हणाला आणि मी हसलो. चूक तिथेच झाली.

हसण्याचं कारण असं. टेम्पोला, जुन्या जीपला मागच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांची चळत बसवलेली असते. सगळा भार ती झेलते. आम्ही गॅरेजवाले तिला पाटा म्हणतो. संतोषची गाडी म्हणजे सहा महिन्यांपूर्वी घेतलेली सात सीटची एसयूव्ही. तिला पाटा नसतोच. तिथे वेटोळ्याची स्प्रिंग असते आणि तिची उसळी आवरायला शॉकअप असतो. म्हणजे गाडीत जो भागच नाही तो वाजत होता. गिऱ्हाइकाचं अज्ञान असं ताटात वाढून समोर आलं की मेकॅनिकला जेवल्यासारखं वाटतं.

"संतोषराव, तुमच्या गाडीला पाटा नाही."

"पण वाजतोय."

"तुम्ही ऐकला?"

"आईनं ऐकला. ती मागच्या सीटवर असती. म्हणाली, संतोष, मागं पाटा वाजतोय बग."

"आईंना म्हणावं, गाड्या आता पुढे गेल्यात."

मी मुलाणी. भोरमध्ये बाजाराच्या मैदानाशेजारी माझं गॅरेज आहे. पंचवीस वर्षं मी सस्पेन्शनचं काम करतोय, म्हणजे रस्त्यातला खड्डा आणि माणसाचा मणका यांच्यामध्ये गाडीचे जे भाग येतात त्यांची दुरुस्ती. आमच्याकडचे रस्ते पाहता हा धंदा बुडायची भीती नाही. संतोष मूळचा हिर्डोशीचा, नोकरीला शिरवळच्या एका कंपनीत. शिकलेला, शांत मुलगा, फक्त गाडीच्या बाबतीत हळवा. गाडीत त्याने मोठी स्क्रीन बसवली होती, सुगंधाच्या तीन बाटल्या लावल्या होत्या आणि सीटवरचं प्लास्टिक अजून काढलं नव्हतं. गाडीबरोबर मिळालेलं माहितीचं पुस्तक ग्लोव्ह बॉक्समध्ये होतं. तेही प्लास्टिकमध्येच.

त्याची दुसरी तक्रार होती की वळणावर गाडी डुलते. हिर्डोशीचा रस्ता धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने जातो आणि त्यात सरळ म्हणावा असा तुकडा शोधावा लागतो. तिथे डुलणारी गाडी कुणालाच परवडत नाही. मी गाडी पाच-सहा किलोमीटर चालवून पाहिली. मुद्दाम खड्ड्यांतून नेली, वळणावर जोरात वळवली. ना आवाज, ना डुलणं. पाहुण्यांसमोर पोरं वागतात तशी ती शहाण्यासारखी वागली. लिफ्टवर चढवून खालून पाहिलं तर सगळं घट्ट आणि नवं. काही नाही म्हणून मी ती परत पाठवली. आठवड्याने संतोष पुन्हा आला. डुलते, आणि पाटाही वाजतोय.

आता सांगतो ते मेकॅनिक सहसा सांगत नाहीत. दोष सापडला नाही की आम्ही काहीतरी बदलतो. गिऱ्हाइकाला नवा भाग दिसतो, आम्हाला काम केल्यासारखं वाटतं आणि एक आठवडा शांततेत जातो. मी मागचे दोन्ही शॉकअप बदलले. काढलेले शॉकअप उत्तम होते. अजून माझ्याकडे आहेत आणि अजून उत्तम आहेत.

तिसऱ्या खेपेला आला तेव्हा संतोषचा आवाजच बदललेला होता.

"काका, परवा कोमलला पासलीला पोचवायचीय. बहीण माझी, बाळंतपणाला आलेली. बाळ चार महिन्यांचं आहे. काल वळणावर गाडी पाण्याच्या बाजूला कलली. आतलं चाक उचललंय असं वाटलं मला. तुमी छातीवर हात ठेवून सांगा, ह्या गाडीतनं बाळाला नेऊ का नको?"

मिस्त्रीचा एकदम काका झाला होता. घाबरलेला माणूस आधी नातं जोडतो. मला काही छातीवर हात ठेवता येईना.

"काल गाडीत काय काय होतं?"

"काय म्हणजे? आई होती. आणि वानवळा."

वानवळा म्हणजे शेतात नवं पिकलं की नात्यागोत्यात पोचवायचा वाटा. भात नुकताच झोडून झाला होता आणि संतोषची आई, पारूबाई, दर सुट्टीला गाडी भरून नातलगांकडे निघत होत्या. काल भोंगवलीच्या मावशीचा नंबर लागला होता.

"मग माझ्याकडे येताना गाडी रिकामी कशी असते?"

"धुऊन-पुसून, सगळं काढून आणतो की. गॅरेजला घाण गाडी कशी आणायची?"

ताप उतरल्यावर डॉक्टरकडे जायचं, तसला हा प्रकार. मी म्हणालो, "परवा पासलीला भोरवरूनच जाल ना? वाटेत थांबा. गाडी जशी भरली असेल तशी आणा. काही काढायचं नाही. आणि इथपर्यंत बैलगाडीसारखे या."

ठरल्या दिवशी सकाळी दहाला गाडी आली. मला आधी टप दिसला, मग गाडी. टपावर, म्हणजे छतावरच्या कॅरियरवर, तांदळाचे पन्नास-पन्नास किलोचे चार कट्टे होते. दोन खाली, दोन वर, आणि त्यांच्यावरून एक सुती नाडा, पोराच्या चड्डीला बांधावा इतक्याच जबाबदारीने बांधलेला. मागच्या काचेतून काहीच दिसत नव्हतं. शेवटची सीट दुमडून डिकी तळापासून छतापर्यंत ठासलेली होती. पुढून पारूबाई उतरल्या, मधल्या सीटवरून कोमल, आणि तिच्या कुशीत टोपड्यातलं बाळ.

"कसं भरलंय?" संतोषने विचारलं. त्याच्या आवाजात चक्क अभिमान होता. "इंचभर जागा वाया घालवली नाही."

"दिसतंय. मागून येणारी गाडी आरशात दिसायला तेवढा एक इंच ठेवला असता तरी चाललं असतं."

हा तांदूळ कुठे चालला होता ते बघा. हिर्डोशीत भात पिकतो. पासलीतही भातच पिकतो. म्हणजे हिर्डोशीचा दोनशे किलो तांदूळ भोर तालुका ओलांडून वेल्ह्यातल्या अशा घरी चालला होता, जिथे कणग्या आधीच तांदळाने भरलेल्या. तिथली विहीणबाई तेवढाच तांदूळ परतीच्या गाडीत घालणार, हेही ठरलेलं. रीत ती रीत. डिझेलपंपवाल्यांना ही रीत फार आवडत असणार.

"आक्का, तांदूळ टपावर का घातला?" मी पारूबाईंना विचारलं.

"मंग कुठं घालायचा?"

"डिकीत. खाली."

"डिकीत?" त्यांनी पदर खोचला. "तितं पंक्चरचं चाक, जॅक, समद्यांच्या चपला. तितं लक्ष्मी ठिवू? आवं मुलाणीभाऊ, लक्ष्मी डोक्यावरनं घरात येती. लेकीच्या घरी पन डोक्यावरनंच जायाची. मानसाच्या न्हाई तर गाडीच्या."

संतोष जमिनीकडे बघत होता. दर सुट्टीला कट्टे टपावर चढवणारा तोच. तीनदा माझ्याकडे येऊन त्याने हे सांगितलं नव्हतं, कारण त्याच्या मते हा गाडीचा विषयच नव्हता, घरचा होता.

मी शास्त्र सांगायला घेतलं. वजन जितकं वर, तितकी गाडी वळणावर बाहेर कलते. डोक्यावर भरलेला हंडा असताना झर्रकन वळलं तर काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. शिवाय टपावर किती वजन चालतं ते कंपनी लिहून देते. मी ग्लोव्ह बॉक्समधून पुस्तक काढलं, प्लास्टिक फाडलं आणि आकडा दाखवला. दीड कट्टा.

"यष्टीच्या टपावर चाळीस पोती जायची," पारूबाई म्हणाल्या. "तवा न्हाई डुलली ती."

"यष्टी केवढी आक्का, ही केवढी!"

"मंग कशाला घेतली ही?"

हा प्रश्न मी संतोषसाठी सोडला.

मी मागचा दरवाजा उघडला. नाचणीची पिशवी थेट माझ्या खांद्यावर आली. तिच्या मागे लाकडी पाळणा, दोन गाद्या, लाडवांचे डबे, तेलाचा कॅन, भुईमुगाच्या शेंगा. आणि उजव्या कडेला, काचेला टेकून उभा केलेला, दगडी पाटा. चटणी वाटायचा.

मी पाट्याकडे बघितलं आणि मग संतोषकडे.

"हा कधीपासून आहे गाडीत?"

उत्तर पारूबाईंनी दिलं. "म्हैना झाला. गुळगुळीत झाल्ता, म्हनून टाकी लावाय भोरला आनला. पाचवीला ह्योच पुजला बाळाच्या येळंला, लेकीला द्यायचाच हाय, म्हनलं ऱ्हाऊ दे गाडीतच. ह्याला कवाधरनं सांगतीया, मागं पाटा वाजतोय, कायतरी टेकन लाव त्याला."

"तुमच्याकडं येताना मीच काढून ठेवायचो," संतोष हळूच म्हणाला. "गेल्यावर परत ठेवायचो."

म्हणजे पारूबाई सरळ मराठी बोलत होत्या. आम्ही दोघे जाणकार ती गाडीच्या भाषेत ऐकत होतो. कोमल तोंडाला पदर लावून हसत होती आणि तिचं बरोबर होतं. वाटणाच्या पाट्यासाठी शॉकअप बदलणारा मी भोर तालुक्यातला पहिलाच मेकॅनिक असेन.

इथे थांबून मी निमूट गाडी रिकामी करायला घ्यायला हवी होती. पण माझी फजिती झाली होती, आणि फजिती झालेल्या माणसाला कुणालातरी काहीतरी शिकवायचं असतं.

"आक्का, तुम्ही सगळे खाली उतरलाच आहात. आता मी मैदानात एकदा ब्रेक मारून दाखवतो. मग ठरवा."

बाजाराचा दिवस नसल्याने मैदान मोकळं होतं. माझा बेत साधा होता. नाडा सैल पडेल, पाटा आडवा पडेल, आवाज होईल, आक्कांना पटेल. ढिगाच्या अगदी वर, मधल्या सीटच्या डोक्याच्या उंचीला, एक गुंडाळलेलं दुपटं होतं. बाळाचे कपडे असतील म्हणून मी तिकडे बघितलंही नाही. त्या दिवशी माझी हुशारी जोरात होती.

मी ताशी पंचवीसचा वेग घेतला आणि कचकन ब्रेक मारला.

टपावरचा पुढचा कट्टा घसरून समोरच्या काचेवर डोकावला. मागे पाटा पडला आणि असा वाजला की पारूबाईंचं म्हणणं मला पूर्ण मान्य झालं. आणि त्याच क्षणी माझ्या डाव्या कोपराला घासून काहीतरी पुढे आलं, दोन सीटच्या मधल्या खोक्यावर आदळलं आणि झाकण फोडून गिअरपाशी थांबलं. ते बाळाचं दुपटं होतं. त्यातून वरवंटा बाहेर आला होता.

वरवंटा फिरणे हा वाक्प्रचार मी शाळेत वाक्यात उपयोग करून दाखवला होता. त्या दिवशी त्याने माझा उपयोग करून दाखवला.

तो दुपट्यात का होता? बारशाला पाळण्यात आधी वरवंटा निजवतात आणि मग बाळ. पारूबाईंच्या हिशेबाने तो बाळाचा मोठा भाऊच, मग त्याला उघडा कसा न्यायचा? म्हणून त्याला दुपट्यात गुंडाळून वरची मऊ जागा दिली होती. घरात भेदभाव नव्हता. बाळालाही काही बांधलेलं नव्हतं आणि वरवंट्यालाही.

पारूबाई धावत आल्या. त्यांनी आधी वरवंटा उचलला आणि कुठे टवका उडालाय का ते बोट फिरवून पाहिलं. उडाला नव्हता. मग त्यांची नजर मधल्या सीटकडे गेली. कोमल जिथे बसून आली होती तिथल्या हेडरेस्टचं नवं प्लास्टिक वरच्या कडेला टरकन फाटलेलं होतं. वरवंटा तिथूनच गेला होता.

"हितं कोन बसलं हुतं?" त्यांना माहीत होतं, तरी त्यांनी विचारलं.

"मी होते, आई," कोमल म्हणाली. तिने बाळाचं डोकं हाताने झाकून धरलं.

पारूबाई गाडीच्या पायरीवर खाली बसल्या. मला भीती वाटली होती, आणि त्याहून जास्त स्वतःचा राग आला होता. ही गाडी मी दोनदा तपासून "ठीक आहे" म्हणून परत दिली होती. तीत कोण बसतं, काय भरतात, हे तेव्हा एकदाही विचारलं नव्हतं.

मग वरवंटा मांडीवर घेऊन पारूबाई म्हणाल्या, "सांगा आता कसं भरायचं ते. पर लक्ष्मी चपलांत ठिवा म्हनू नगा. त्ये न्हाई व्हायचं."

मला तेव्हा कळलं की मी मघापासून धान्य कुठे ठेवू नका एवढंच सांगत होतो. त्याची मानाची जागा कुठली, हे सांगितलंच नव्हतं. आणि मला ते कळायला हवं होतं. माझी अम्मी भाकरीचा तुकडा खाली पडला तर उचलून डोळ्यांना लावायची.

"आक्का, धान्य डोक्यावरून घरात येतं, खरंय. पण शेवटी जातं कुठं?"

"कुठं म्हंजी? पोटात."

"मग डिकी हे गाडीचं पोट. तिथे कुणाचा पाय जात नाही."

"आन पंक्चरचं चाक?"

"या गाडीला ते खालून, बाहेर टांगलेलं असतं. जॅक त्या कडेच्या खणात, झाकणाआड."

"चपला?"

"ज्याच्या त्याच्या पायात."

पारूबाईंनी डिकीत डोकं घालून दोन्ही कोपरे बघितले. मुलगी द्यायच्या घराची पाहणी करावी तशी पाहणी झाली. मग म्हणाल्या, "घोंगडी हातरा."

आम्ही गाडी पूर्ण रिकामी केली. तळाला घोंगडी अंथरली. कट्टे खाली, मधल्या सीटच्या पाठीला अगदी भिडवून, म्हणजे ब्रेक मारला तरी त्यांना पुढे धावायला जागाच नको. पाटा आडवा निजवून दोन कट्ट्यांच्या मध्ये घट्ट बसवला. त्यांच्यामागे नाचणी, डबे, तेल. सीटच्या पाठीपेक्षा उंच काही नाही. गाद्या आणि सुटा केलेला पाळणा टपावर, नाड्याऐवजी माझ्याकडच्या पट्ट्यांनी आवळून. गाडी भरलेली म्हणून मागच्या चाकांत हवा वाढवली. हेही त्या पुस्तकात लिहिलेलं असतं, सहसा कुणी वाचत नाही म्हणून सांगितलं.

वरवंटा राहिला. तो नुसता ठेवायला मी तयार नव्हतो आणि जॅकच्या खणात घालायला पारूबाई तयार नव्हत्या. मी एका कट्ट्याची शिवण उसवली.

"तांदळात खोल पुरून टाकू," मी म्हणालो.

"पुरून म्हनू नगा!" त्या कडाडल्या. "निजवा म्हना."

मग तो तांदळात निजवला आणि शिवण घातली. मोठा भाऊ त्या दिवशी धाकट्यापेक्षा सुरक्षित होता. म्हणून संतोषला बाजूला घेऊन सांगितलं, की लहान बाळासाठी गाडीत बसवायची वेगळी सीट मिळते, मामाने सुगंधाच्या चौथ्या बाटलीआधी ती घ्यावी. तोवर कोमल मागेच, बेल्ट लावून, आणि गाडी चाळिसाच्या आत.

तीनच कट्टे आत मावले. चौथा पुन्हा टपावर जाणार नाही म्हणून मी आडवा उभा राहिलो. पारूबाईंनी क्षणभर विचार केला आणि तो माझ्या दुकानाच्या दारात ठेवायला लावला.

"ह्यो तुमचा वानवळा."

"अहो आक्का, पन्नास किलो?"

"न्हाई म्हनायचं नसतं, मुलाणीभाऊ."

दोन चांगले शॉकअप काढून टाकल्याबद्दल इतका मान आजवर कुणी केला नव्हता. मी नाही म्हणालो नाही.

दुपारी संतोषचा फोन आला. "काका, वेल्ह्याच्या अलीकडं करवंदीच्या जाळीतनं म्हैस आडवी आली. एकदम पुढ्यात. पूर्ण ब्रेक मारला."

"बाळ?"

"दचकलं. रडलं थोडं. आता कोमलचं डोरलं धरून ओढतंय."

"आणि मागून?"

"शेंगसुद्धा पुढं आली नाही, काका."

मी फोन ठेवला आणि टायरवर बसलो. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. हात ग्रीसचे होते, पुसताही येईना. समोर एका टेम्पोचं काम अर्धवट होतं, ते तसंच ठेवून मी आधी चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर गाडी दारात थांबली. अपेक्षेप्रमाणे पासलीचे तीन कट्टे आले होते. टपावर काही नव्हतं. पारूबाईंनी मागचा दरवाजा स्वतः उघडून मला आतली घोंगडी दाखवली.

"विहीनबाई टपावर चढवाय निघाल्या हुत्या," त्या म्हणाल्या. "म्या म्हनलं, आवं, गाडीचं पोट कुठं असतंय त्ये म्हाईत न्हाई का तुमास्नी? लई नवल वाटलं त्यास्नी. म्हनल्या, तुमी शिकलेल्या दिसताय."

तेव्हापासून मी गिऱ्हाइकांना वजनाचं शास्त्र सांगत नाही. धान्य पोटात, हलकं डोक्यावर, चपला पायात, एवढंच सांगतो. तेही हिर्डोशीच्या पारूबाई सांगतात असं म्हणून. पंचवीस वर्षं हेच माझ्या नावाने सांगत होतो, तेव्हा लोक मान डोलवायचे आणि कट्टे टपावर चढवायचे.